आधी पाण्यावरची एसटी, मग तुमची क्रूझ

नर्मदेचं फुगलेलं पाणी पाहून ज्याला पहिल्यांदा क्रूझ आठवते, त्या माणसाला मी चांगला ओळखतो. तो वाईट नसतो, हौशी असतो. सातपुड्याचे कडे थेट पाण्यात उतरलेले दिसले की ‘अगदी नॉर्वे!’ म्हटल्याशिवाय त्याला राहवत नाही. तापोळ्याचं मिनी काश्मीर करून झालं, आता धडगाव-अक्कलकुव्याचा नॉर्वे करायचा. आपल्या मुलखाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारायची आपल्याला लाज वाटते.

पण माझी हरकत नॉर्वेला नाही. नक्कल करायचीच असेल तर अर्धी करू नका, पूर्ण करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

नॉर्वेतल्या उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या बोटसहली आता पुण्या-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत, शहाद्याची मंडळीही जाऊन येतात. ओळखीच्या एका गृहस्थांनी मला घरी बोलावून त्यांचे फोटो दाखवले. ध्रुववृत्त ओलांडताना मानेत बर्फ ओतून घेणारे ते, वाळत घातलेल्या कॉड माशांच्या मांडवाखाली नाकाला पदर लावलेल्या वहिनी, कोळ्यांच्या लाल लाकडी घरासमोर दोघं. मी विचारलं, ‘रात्री बोट मधल्या बंदरांना थांबायची, तेव्हा काय चढवायचे-उतरवायचे हो?’ ते म्हणाले, ‘कोण जाणे, आम्ही झोपलेलो असायचो.’

ते झोपलेले असताना ती बोट तिचं मूळ काम करत होती. हुर्टिगरूटन नावाची ही किनारी सेवा २ जुलै १८९३ रोजी सुरू झाली. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने सरकारशी करार केला आणि ‘वेस्टेरॉलेन’ नावाचं जहाज ट्रॉन्हाइमहून हामरफेस्टला नेलं. त्याआधी त्या टोकाला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात चक्क पाच महिने लागायचे. काळोखाचा हिवाळा, खडकाळ किनारा, धड नकाशे नाहीत. अनुभवी दर्यावर्दीही हे काम घ्यायला तयार नव्हते. विथने घेतलं, ते टपालासाठी, मालासाठी आणि किनाऱ्यावर अडकलेल्या माणसांसाठी. फ्योर्डचं सौंदर्य दाखवायला नव्हे.

आज ही बोट बर्गेनहून रशियाच्या सीमेजवळच्या किर्कनेसपर्यंत जाते आणि ३४ बंदरांना थांबते. २०२१पासून दोन कंपन्या मिळून ती चालवतात, पण सरकारच्या करारानेच. भाड्याचा मोठा वाटा पर्यटक देतात हे खरं. तरीही कुठे थांबायचं हे पर्यटक ठरवत नाही. रात्री दोन वाजता एका कोळीगावात बोट थांबते, दोन पेट्या उतरतात, एक म्हातारी चढते आणि बोट निघते. आमचे गृहस्थ ज्याला क्रूझ म्हणून लाखो रुपये मोजून आले, ती मुळात त्या किनाऱ्याची एसटी आहे.

आता आमच्याकडे या. नर्मदा महाराष्ट्राच्या हद्दीवरून जेमतेम ५४ किलोमीटर वाहते आणि ती सगळी नंदुरबार जिल्ह्यात. तिकडचे फ्योर्ड हिमनद्यांनी कोरले, इथले सरकारने धरण बांधून भरले. १९७९च्या लवादाने नर्मदेच्या पाण्याची वाटणी केली, तेव्हा महाराष्ट्राला मिळालं पाव दशलक्ष एकर-फूट पाणी आणि विजेतला २७ टक्के वाटा. त्या बदल्यात द्यायची होती ३३ गावं. मणिबेली त्यात पहिलं. तिथलं शूलपाणेश्वराचं देऊळ गेलं, मग नदीच्या वरच्या अंगाची गावं एकेक करून गेली. २०१७मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत काठोकाठ भरलं. परिक्रमेची पुस्तकं वाचून शूलपाणीची झाडी तोंडपाठ असलेले मराठी वाचक घरोघर सापडतील. ती झाडी बुडाली तेव्हा त्यातल्या कितीजणांना पत्ता होता, हे त्यांनीच स्वतःला विचारावं.

बुडालं म्हणजे सगळंच बुडालं असं नाही. नदीकाठची काळी शेतं बुडाली, ओढ्यांचे उतार बुडाले, पायवाटा बुडाल्या. डोंगरमाथे उरले आणि त्या माथ्यांवर माणसंही उरली. काही कुटुंबं सोमावल, रोझवा, रेवानगर, गोपाळपूर अशा वसाहतींत गेली. जी मूळगावात राहिली त्यांच्या पाड्यांची बेटं झाली. पूर्वी ही माणसं काठाकाठाने चालत जात, उन्हाळ्यात नदी ओलांडून पलीकडच्या सोयऱ्यांकडे जात. ती वाट सरकारने पाण्याखाली घातली. म्हणून माझा सगळा दावा एका वाक्याचा आहे: ज्याने वाट बुडवली, त्याने पाण्यावर वाट दिली पाहिजे. यात दयेचा प्रश्न नाही, देण्याचा आहे.

ते देणं किती फिटलं? तरंगता दवाखाना आहे, बोट अँब्युलन्स आहे, हे मी नाकारत नाही. पण सरकारी बोट फक्त आजारी माणसालाच दिसावी, हा कुठला न्याय? बाजाराला जायचं, बँकेत जायचं, दाखला काढायचा, पोरीला आश्रमशाळेत पोचवायचं, तर खासगी मोटारबोट बघायची. ती कधी निघेल? भरेल तेव्हा. किती भरेल? मावेल त्यापेक्षा जास्त. बोट नाहीच मिळाली तर बांबूला झोळी बांधून डोंगर चढायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर गाळ उघडा पडतो, बोट काठाला लागत नाही आणि बाया डोक्यावर धान्य घेऊन मांडीभर चिखलातून वर येतात. तो चिखल मी तुडवला आहे. त्याच्यावर सेल्फी निघत नाही.

१५ जानेवारी २०१९, संक्रांतीचा दिवस. धडगाव तालुक्यातल्या भूषा गावाजवळ नर्मदेची पूजा करायला निघालेल्या आदिवासींची खच्चून भरलेली बोट उलटली. पोरंबाळं बुडाली. दोन दिवस बातम्या आल्या, शोक झाला, चौकशीचे आदेश निघाले. सणाच्या दिवशी या काठावर गर्दी होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. एसटी महामंडळ आषाढीला जादा गाड्या सोडतं, त्याबद्दल कोणी आरती ओवाळत नाही, कारण ते त्याचं कामच असतं. नर्मदेवर जादा बोट कोणी सोडायची? मुळात नेहमीचीच ठरलेली बोट नाही, तर जादा कुठून येणार?

पुढच्याच वर्षी, २०२०च्या टाळेबंदीत, चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेची गोष्ट देशभर गाजली. माणसं केंद्रावर येईनाशी झाली, तेव्हा एका मच्छीमाराची होडी घेऊन, स्वतः वल्हं मारत, ती पोषण आहार पाड्यांवर पोचवू लागली. तिला दंडवत. पण तिच्या कौतुकाचे जे रतीब घातले गेले, त्यांनी माझं डोकं फिरलं. सरकारच्या बोटीचं काम एका बाईच्या दंडांनी केलं, त्यात सरकारने छाती फुगवण्यासारखं काय होतं? सत्कार केला, शाल दिली, फोटो काढला की बोट द्यावी लागत नाही, हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त सरकारी कार्यक्रम आहे. दर सोमवारी सकाळी आठला बोट असती तर तिला शूर व्हावंच लागलं नसतं.

आणि आता या पाण्यावर क्रूझ. मध्य प्रदेशने कुक्षीकडच्या मेघनाद घाटापासून केवडियाच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यापर्यंत जहाज नेण्याची योजना मांडली आहे. २०१६च्या कायद्याने नर्मदा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ झालीच आहे. महामार्ग आहे, एसटी नाही. या जहाजाची वाट आमच्या काठावरून जाणार. म्हणजे वातानुकूलित डेकवर चहा घेणारा पाहुणा आमचे पाडे पाहणार आणि पाड्यावरचा माणूस खाली चिखलात उभा राहून जहाज पाहणार. जहाजासाठी तरंगती जेट्टी होईल, त्यासाठी पैसा निघेल. गावाला तीच जेट्टी का मिळाली नाही, तर निधी नव्हता.

ही लबाडी नवी नाही. कोकणच्या माणसाला विचारा. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत जायची. माणसं पडावातून उतरायची, चाकरमान्यांच्या ट्रंका, आंब्याच्या पेट्या, मनिऑर्डरी तिच्यावरून जायच्या. ती आतबट्ट्याची ठरवून बंद केली गेली. मग ऑक्टोबर २०१८मध्ये त्याच पाण्यातून ‘आंग्रिया’ क्रूझ निघाली, मुंबईहून रातोरात गोवा. हर्णेच्या माणसाला तिचे दिवे तेवढे दिसले असतील. गावाला थांबणारी बोट परवडत नाही आणि गाव टाळून जाणारी परवडते, हे आपलं सागरी अर्थशास्त्र.

‘अहो, पण रोजगार येईल,’ असं म्हणणारा कोणीतरी भेटतोच. येईल ना. केवडियाला जाऊन बघा. केवडिया, कोठी, वागडिया, नवागाम, लिमडी, गोरा या सहा गावांची जमीन १९६१नंतर धरणाच्या वसाहतीसाठी म्हणून घेतली गेली. बुडिताखाली गेली नाही म्हणून त्यांना लवादाच्या निवाड्यातलं पुनर्वसनही मिळालं नाही. २०१८मध्ये १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला आणि धरणासाठी म्हणून घेतलेल्या त्या जमिनीवर पर्यटन आलं. गावकऱ्यांनी विरोध केला. जमिनीचा मालक पार्किंगचा रखवालदार झाला, तर त्याला रोजगारनिर्मिती म्हणतात. आमच्या बामणी-डनेलच्या पोरांनी जहाजावर पाहुण्यांसमोर ढोल वाजवून नाचावं, ही तुमची विकासाची कल्पना असेल, तर ती तुमच्याकडेच ठेवा. होळीला ती पोरं स्वतःसाठी नाचतात, तेवढं पुरे आहे.

आणि नॉर्वेच हवा असेल, तर त्याचं एक प्रकरण सहलीच्या पुस्तिकेत छापलेलं नसतं. ध्रुववृत्ताच्या वर आल्टा नावाची नदी आहे, फ्योर्डला मिळणारी. तिच्यावर धरण बांधायचं ठरलं. मूळ आराखड्यात मासी नावाचं सामी आदिवासींचं गाव बुडणार होतं. ते वाचलं, पण धरण राहिलं. १९७९मध्ये सामी तरुण ऑस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले. जानेवारी १९८१मध्ये आंदोलक हटवायला शेकडो पोलीस गेले, देशातल्या एकूण पोलिसांपैकी सुमारे एक दशांश. त्यांच्या मुक्कामाची सोय कुठे केली होती? एका क्रूझ जहाजावर. धरण झालंच, १९८७मध्ये पाणी अडलं. पण पुढे त्या देशाला शरम वाटली. १९८९मध्ये सामींची स्वतःची संसद उघडली. १९९०मध्ये आदिवासींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य करणारा नॉर्वे पहिला देश ठरला. आणि ज्यांच्या पक्षाच्या सरकारने ते पोलीस पाठवले होते आणि ज्या त्यानंतर पंतप्रधान झाल्या, त्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांनीच नंतर कबूल केलं की ते धरण गरजेचं नव्हतं. आपल्याकडे सरदार सरोवराच्या विरोधात डोमखेडीत छातीभर पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसांना असं काही ऐकवायला आजवर कोण आलं? फ्योर्ड आणायचे तर त्यांच्याबरोबर ही शरमही आयात करा.

राज्याला हे जमत नाही असंही नाही. कोयनेच्या शिवसागरात सातारा जिल्हा परिषदेने लाँच चालवल्या आहेत, तापोळ्याला गाड्या नेणारा तराफा आहे. कोयनेच्या बुडीतग्रस्ताला जे थोडंफार मिळालं, ते नर्मदेच्या बुडीतग्रस्ताला का नको? तो भिलोरी-पावरी बोलतो म्हणून? मंत्रालयापासून लांब आहे म्हणून? की त्याचं वीजबिल कोणाच्या नजरेत भरत नाही म्हणून? लोकसंख्या कमी, तोटा होईल, हे कारण देऊ नका. तोट्याचाच हिशेब करायचा तर ३३ गावांच्या शेतांपासून करू, मग कोण कोणाचं किती देणं लागतं ते निघेल.

माझी मागणी अवघड नाही. मणिबेलीपासून भूषापर्यंत काठाला लागून सरकारी बोट, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. प्रत्येक गावाला पाणी चढलं-उतरलं तरी चालेल असा तरंगता धक्का. प्रत्येक उतारूला लाइफ जॅकेट, आणि बोट भरली की माणूस चढवायचा नाही, दुसरी बोट आणायची. मोहाची फुलं, आमचूर, मासळी बाजारात न्यायला मालाची जागा. या पाण्यातल्या मासेमारीवर पहिला हक्क बुडीतग्रस्तांच्या सहकारी संस्थांचा. खर्च विजेच्या वाट्यातून. एवढं झाल्यावर उरलेल्या जागांवर पर्यटक खुशाल बसवा. त्यांच्याकडून पूर्ण भाडं घ्या, गावकऱ्याकडून अर्धं, आणि थांबा गावकऱ्याने सांगितला तिथेच घ्या.

पहिल्या बोटीच्या उद्घाटनाला मंत्री नकोत, फीत नको, ढोलही नकोत. धक्क्यावर वेळापत्रक लावा, त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची सही करा आणि बोट चुकली तर जाब कोणाला विचारायचा, त्याचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. एवढं जमत नसेल, तर नर्मदेच्या या काठावर क्रूझ हा शब्द तोंडातून काढू नका.