आधी तारीख सांगा, मग जंगलाचं बोलू

4 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरेतल्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवेपर्यंत 2,141 झाडं आडवी झाली होती आणि 29 जणांना अटक झाली होती. हे बहुतेकांना आठवत असेल. मला त्या दिवसांतलं एक गणितही आठवतं, आणि माझा राग अजून त्या गणितावर आहे.

मेट्रोच्या बाजूने तेव्हा सांगितलं जात होतं की, ही झाडं आयुष्यभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतील, तेवढा मेट्रो-3 अवघ्या काही आठवड्यांच्या फेऱ्यांमध्ये वाचवेल. समाजमाध्यमांवर हे गणित फार फिरलं. शिकलेली, एरवी पर्यावरणाबद्दल हळहळणारी माणसंही म्हणायला लागली की, ‘आकडे तर बरोबर आहेत ना!’ झाडांना मिठ्या मारणारे भावनिक आणि आकडे मांडणारे शास्त्रीय, अशी वाटणी त्या आठवड्यात होऊन गेली.

आकडे बरोबर धरू. तुलना कशाची कशाशी होती? एका पारड्यात आरेतल्या कारशेडसह मेट्रो, दुसऱ्या पारड्यात झाडं शाबूत आणि मेट्रोच नाही. पण ‘मेट्रो नको’ ही मागणी नव्हती, ‘कारशेड दुसरीकडे न्या’ ही मागणी होती. पर्यायी जागांचा विचार करायला सरकारनेच 2015 साली समिती नेमली होती आणि तिच्यातल्या तज्ज्ञांनी आरेबद्दल आपलं वेगळं मत नोंदवलं होतं. म्हणजे खरी तुलना अशी हवी: तीच मेट्रो, तेच प्रवासी, तोच वाचलेला कार्बन, फक्त कारशेड एकदा आरेत आणि एकदा अन्यत्र. दोन्ही पारड्यांत मेट्रो सारखीच असल्यामुळे ती वजा होते. शिल्लक राहतात ती झाडं आणि जागा बदलल्याने होणारा उशीर. उशिराचाही कार्बन असतो, हे मला मान्य आहे. तो जरूर मोजा. पण कांजूरमार्गची जागा डिसेंबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकली ती केंद्र आणि राज्य यांच्यातल्या मालकीच्या भांडणामुळे. तो उशीर झाडांच्या नावावर टाकता येणार नाही.

‘हा प्रकल्प नसता तर काय झालं असतं’ या कल्पित चित्राला कार्बनच्या व्यवहारात बेसलाइन म्हणतात. आधाररेषा म्हणा हवं तर. जंगल वाचवून कार्बन क्रेडिट विकण्याचा जगभरातला धंदा या एका रेषेवर उभा आहे. आपण एक जंगल राखायला घेतलं, असं समजा. आपण नसतो तर दरवर्षी त्यातलं किती तोडलं गेलं असतं, हे आधी ठरवायचं. प्रत्यक्षात त्यापेक्षा जितकं कमी तोडलं गेलं, ती आपली बचत; एक टन कार्बन डायऑक्साइडला एक क्रेडिट. ते एखादी विमान कंपनी किंवा तेल कंपनी विकत घेते आणि तेवढा धूर आपल्या नावावरून वजा करते. रेषा जितकी काळीकुट्ट काढाल, तितका माल जास्त. शेजाऱ्याचं घर जळणारच होतं असं सिद्ध करून ते न जळल्याचं बक्षीस घ्यायचं, तसा हा प्रकार.

त्याचं जे व्हायचं तेच झालं. ऑगस्ट 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा देशांतल्या 26 प्रकल्पस्थळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक ठिकाणी जंगलतोड लक्षणीय प्रमाणात कमी झालेली आढळली नाही आणि प्रकल्पांनी अपेक्षिलेल्या क्रेडिटांपैकी सुमारे 6 टक्क्यांनाच आधार सापडला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ‘गार्डियन’ आणि काही जर्मन पत्रकारांनी ‘व्हेरा’ या सर्वांत मोठ्या प्रमाणन संस्थेच्या वर्षावन-क्रेडिटांची लक्तरं काढली होती. व्हेराने ते निष्कर्ष मान्य केले नाहीत, पण नोव्हेंबर 2023 मध्ये पद्धत मात्र बदलली. आता प्रकल्पवाल्याने स्वतःची रेषा स्वतः काढायची नाही. संपूर्ण राज्याची किंवा देशाची जंगलतोडीची माहिती उपग्रहचित्रांवरून त्रयस्थांकडून गोळा करायची आणि कुठल्या तुकड्याला किती धोका आहे ते पाहून प्रत्येक प्रकल्पाला त्याचा वाटा नेमून द्यायचा.

सुधारणा चांगली आहे. चोराकडची किल्ली काढून घेतली, याला कोण नाही म्हणेल? माझी तक्रार यानंतर सुरू होणाऱ्या सुस्काऱ्याबद्दल आहे. ‘आता डेटा त्रयस्थ गोळा करणार, आता वाद मिटला’ हा तो सुस्कारा. उपग्रह वरून फोटो काढतो, पण जंगल कशाला म्हणायचं हे खाली बसलेला माणूस त्याला सांगतो. आणि ते सांगणं किती राजकीय असतं, हे बघायला अ‍ॅमेझॉनला जायची गरज नाही. अंधेरी ते मुलुंड बसने गेलं तरी पुरे.

मुलुंडपासून सुरुवात करू. तिथे आणि आसपास 1950 च्या दशकात वनखात्याने काही खासगी जमिनींबाबत भारतीय वन अधिनियमाखाली नोटिसा काढल्या होत्या. पुढे 1975 चा महाराष्ट्र खासगी वने संपादन कायदा आला. मधल्या काळात पालिकेच्या परवानगीने इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले, मुलांची लग्नं झाली. मग सरकारला आठवलं की, ही तर वनजमीन! 2008 साली उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली आणि हजारो फ्लॅटधारक एका रात्रीत कागदोपत्री जंगलात राहायला गेले. 30 जानेवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात त्यांची सुटका केली: नुसती नोटीस काढून, पुढे काहीच न करता, अर्धशतकानंतर जमीन वन ठरत नाही. निकाल न्याय्यच होता. पण गंमत बघा, सहा वर्षं मुलुंडमध्ये लिफ्ट, पार्किंग आणि सोसायटीची वार्षिक सभा असलेलं जंगल होतं.

आता डोंगराच्या अलीकडे या. आरेची जमीन 1949 पासून दुग्धविकास खात्याकडे. शहरातले तबेले बाहेर काढून इथे वसाहत केली, कुरणं केली, झाडं लावली. काही झाडं आपोआप आली, काही आधीपासून होती. बिबटे आहेत, वारल्यांचे आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. पण सातबाऱ्याच्या भाषेत ही दुधाची जागा. त्यामुळे आरे हे कायद्याच्या अर्थाने जंगल नाही, ही भूमिका न्यायालयात टिकली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र डिसेंबर 2016 मध्ये अधिसूचित झालं, तेव्हा आरेतली 165 हेक्टर जागा त्यातून वगळली गेली. 2020 मध्ये सरकार बदललं होतं, तर सुमारे 800 एकर आरे राखीव वन करण्याची घोषणा झाली आणि कारशेड कांजूरला निघाली. 2022 मध्ये पुन्हा सरकार बदललं, कारशेड परत आली. झाडं तीच, माती तीच.

या जागेची जंगलतोडीची आकडेवारी गोळा करायला त्रयस्थ तज्ज्ञ आला, तर त्याच्या तक्त्यात 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्रीपुढे काय लिहिलं जाईल? कायद्याची व्याख्या घेतली तर शून्य. तिथे जंगल नव्हतंच, मग तुटलं काय?

तो म्हणेल, आम्ही कायद्याची व्याख्या घेत नाही, छत्र मोजतो. ठीक. भारतीय वन सर्वेक्षण संस्थाही तेच करते: एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा, त्यावर 10 टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र, मालकी कुणाचीही असो. या व्याख्येत आरे बसेल, पण कोकणातली आंबा-नारळाची बागही बसते. सागवानाची लागवडही बसते. जुनं मिश्र जंगल गेलं आणि तेवढ्याच क्षेत्रावर लागवड झाली, तर राष्ट्रीय बेरजेत फरक पडत नाही. 2023 च्या अहवालानुसार देशाचं वन आणि वृक्षाच्छादन मिळून 25.17 टक्के झालं, आधीपेक्षा 1,445 चौरस किलोमीटर वाढलं. उलट ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’च्या माहितीनुसार 2000 नंतर देशाने 23 लाख हेक्टरांहून अधिक वृक्षाच्छादन गमावलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2024 मध्ये त्याची स्वतःहून दखल घेतली. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. एक निव्वळ शिल्लक सांगतो, दुसरा खर्च. पासबुकातली शेवटची ओळ दाखवून ‘पैसे काढलेच नाहीत’ म्हणणाऱ्याला बँकेत कुणी उभं करणार नाही, जंगलाच्या बाबतीत मात्र चालतं.

आणि एक हेक्टरची चाळणी! उपनगरांत झाडं जातात ती पन्नास, नव्वद, पावणेदोनशे अशी. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरेतली आणखी 177 झाडं तोडायला परवानगी दिली आणि त्याच आदेशात, 84 झाडांची मुभा असताना थेट वृक्ष प्राधिकरणाकडे जास्त झाडांसाठी गेल्याबद्दल मेट्रो कंपनीला 10 लाखांचा दंडही केला. रस्त्याकडेची, बंगल्यांच्या आवारातली, नाल्याकाठची झाडं मोठ्या जाळीतून वाळूसारखी गळून जातात. त्यांची जंगलतोड कधीच होत नाही, फक्त ती नंतर दिसत नाहीत.

व्याख्येचं झालं. तारखेचं त्याहून वाईट. उद्या कुणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा कार्बन विकायचं ठरवलं, असं धरा. सुमारे 104 चौरस किलोमीटर जंगल आणि सगळीकडून टेकलेलं शहर. कागदावर याहून आकर्षक माल नाही. आधाररेषेसाठी मागची साधारण दहा वर्षं पाहतात. ती दहा वर्षं 1996 ला संपवली, तर उद्यानाच्या कडा झोपड्यांनी कुरतडलेल्या दिसतील, आणि याच दराने पुढे किती जंगल जाईल त्याचा भयंकर आलेख निघेल. मे 1997 मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला, पुढच्या वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. 1998 पासून दहा वर्षं मोजलीत, तर त्याच कडांवर धोका ओसरलेला दिसेल. कोणती दहा वर्षं खरी? दोन्ही. मग क्रेडिट कुणाला? जंगल वाचलं ते न्यायालयाच्या आदेशाने, आणि त्याची किंमत मोजली ती ज्यांची घरं पाडली त्यांनी. त्यातल्या काहींना पुढे वर्षांनी चांदिवलीत घरं मिळाली. त्या बुलडोझरला कार्बन बचतीचं साधन म्हणून तक्त्यात बसवणं अशक्य नाही. सूत्रात तशी जागा आहेच. मला भीती आहे ती याची.

तारीख आधी जाहीर करून रेषा आखली, तर काय होतं याचं उदाहरणही इथलंच आहे. 6 ऑक्टोबर 2005 रोजी उच्च न्यायालयाने राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीवर आणि त्यांच्याभोवती 50 मीटरच्या आतल्या बांधकामावर बंदी घातली आणि उपग्रहचित्रांवरून नकाशे करायला सांगितलं. त्यामुळे गोराई-चारकोपपासून विक्रोळीपर्यंत कुणीही नागरिक म्हणू शकतो की, 2005 च्या चित्रात इथे हिरवं होतं, आज भराव आहे, सांगा कसा? तिवरं मारायची युक्तीही लोकांना ठाऊक आहे: झाड तोडायचं नाही, भरतीचं पाणी अडवायचं, ती उभ्या उभ्या वाळतात आणि पाहणीला आलेल्याला ‘इथे काहीच नव्हतं’ म्हणून दाखवायचं. 2018 च्या निकालात नष्ट झालेली कांदळवनं पुन्हा उभी करण्याची जबाबदारीही सरकारवर टाकली गेली. ही व्यवस्था चोख आहे, असं मी म्हणणार नाही. 2022 मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22,000 तिवरं तोडायची परवानगी मिळालीच. पण निदान किती तोडली ते कुणाला लपवता आलं नाही. कारण रेषा प्रकल्पाच्या आधी आखलेली होती, सार्वजनिक होती, आणि ती विकायला काढलेली नव्हती.

हे आत्ताच बोलायचं कारण देशांतर्गत कार्बन बाजार उभा राहतो आहे. 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली, त्यात स्वेच्छेने येणाऱ्या प्रकल्पांसाठी कांदळवन लागवडीची पद्धतही आली आहे. म्हणजे आपल्या खाडीतल्या चिखलाला भाव येणार. ज्या खाडीत आधी पाणी अडवून तिवरं मारली, तिथेच नव्याने लावून क्रेडिट घ्यायचं, आणि आधाररेषा म्हणून दाखवायचा तो वाळलेला चिखल, याला कायद्यात अडसर कोणता आहे ते एखाद्या अधिकाऱ्याने मला समजावून सांगावं. मी मनापासून विचारतो आहे.

माझं मागणं किरकोळ आहे. मुंबई उपनगर जिल्ह्याचा वृक्षछत्राचा नकाशा, एक हेक्टरच्या चाळणीशिवाय, 10 मीटरच्या चित्रांवरून करा. 2015 पासून अशी चित्रं फुकट उपलब्ध आहेत. त्याची सुरुवातीची तारीख कोणत्याही प्रकल्पाच्या अर्जाआधी जाहीर करा. वॉर्ड ऑफिसात लावा, आरेच्या 27 पाड्यांत लावा, आणि तिथल्या माणसांना त्यावर बोट ठेवून ‘इथे आमचं भाताचं खाचर होतं, इथे उंबर होता’ असं म्हणू द्या. प्रजापूरपाड्यातली कुटुंबं मेट्रोच्या कामासाठी उठवली गेली, तेव्हा त्यांच्या परसातली झाडं कुणाच्या तक्त्यात गेली, हेही त्यावर लिहा.

मेट्रो-3 आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. मीही तिने जातो, गाडी छान आहे, गार आहे. आरेच्या स्टेशनातून बाहेर पडताना त्या जुन्या गणिताचं उत्तर कुठे फलकावर लावलंय का ते मी बघतो. गाडी रोज धावते आहे, तेव्हा एवढ्यात त्या 2,141 झाडांची भरपाई कितीदा तरी होऊन गेली असणार. मग पुढच्या कारशेडसाठी झाडं मागायला येतील, तेव्हा वहीत तेवढी शिल्लक जमा दिसायला हवी.