हरगिल्याचे मानचिन्ह आणि पारसी बागानातील ध्वज

‘वारसा’ या शब्दाला आपल्याकडे भलतीच प्रतिष्ठा आली आहे. वसाहतकाळातील इमारत, मानचिन्ह, ध्वज यांपैकी काहीही या शब्दाच्या छत्राखाली आणले, की त्याविषयी प्रश्न विचारणारा अरसिक ठरतो. कोलकात्याच्या बाबतीत हा अरसिकपणा पत्करणे मला आवश्यक वाटते.

१८९६ साली कलकत्त्याच्या नगरसंस्थेला इंग्रजी पद्धतीचे मानचिन्ह मिळाले. त्यातील ढालीच्या दोन्ही बाजूंना चोचीत साप धरलेले दोन हरगिले उभे आहेत. हरगिला हा करकोचाच्या कुळातील मोठा पक्षी. त्याची चाल लष्करी अंमलदारासारखी भासे म्हणून इंग्रज त्याला ‘ॲडज्युटंट’ म्हणत. तो शहरातील उकिरड्यांवर आणि मेलेल्या जनावरांवर जगे. खाली बोधवचन आहे, तेही लॅटिन! बंकिमचंद्रांचे निधन होऊन दोन वर्षे लोटली होती, रवींद्रनाथ ऐन उमेदीत लिहीत होते. आणि त्यांच्या शहराच्या मानचिन्हावर बंगालीचे एक अक्षर नव्हते. राज्यकर्त्याला शहरात जे दिसले ते त्याने चितारले. त्यात शहरवासी मात्र त्याला दिसला नाही.

याच दृष्टीतून ‘संस्थापका’ची कथा जन्मली. जॉब चार्नॉक २४ ऑगस्ट १६९० रोजी सुतानुटीला उतरला आणि शहर उदयास आले, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. १९९० साली त्रिशताब्दीही साजरी झाली. परंतु १६९८ साली कंपनीने सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांचे जमीनदारी हक्क सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून १३०० रुपयांना घेतले, हेही इतिहासातच नमूद आहे. जी गावे विकत घ्यावी लागली, ती आधीपासून नांदती होती, हे समजायला न्यायालयाची गरज नव्हती. तरीही चार्नॉकला संस्थापक आणि २४ ऑगस्टला शहराचा जन्मदिवस मानू नये, हे २००३ साली कलकत्ता उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

यावर आक्षेप ठरलेला आहे : छापखाना, कोश, महाविद्यालये याच काळात आली, वारसा नाकारणे हा कृतघ्नपणा होय. हा आक्षेप मराठी माणसाने गंभीरपणे घ्यावा, कारण विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरलाच छापले गेले. पण मिशनऱ्यांनी श्रीरामपूर का निवडले? ते तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. केरीच्या मराठी कामामागे वैजनाथ पंडितांची विद्वत्ता होती. १८१७ चे हिंदू कॉलेज उभे राहिले तेही मुख्यतः स्थानिकांच्या वर्गणीतून. ऋण जरूर मान्य करावे. मात्र ते नेमके कोणाचे, याची नोंद तपासावी. ऋण मानणे वेगळे आणि सावकाराचे निशाण आपल्या दारावर लावणे वेगळे.

या शहराला दुसरे निशाणही लाभलेले आहे. बहिष्काराच्या ठरावाला एक वर्ष पूर्ण झाले, त्या ७ ऑगस्ट १९०६ रोजी पारसी बागानात एक ध्वज फडकला : हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन पट्टे, आठ कमळे, सूर्य, चंद्रकोर आणि मध्यभागी देवनागरीत ‘वंदे मातरम्‌’. तो निर्विवाद होता असे नव्हे. त्या दोन शब्दांवरून पुढे कडवट वाद झाले. पण फाळणीने दुखावलेल्या लोकांनी तो स्वतः उभारला होता, कोणाकडून मागून घेतला नव्हता.

त्याआधी दोनच महिने टिळक कलकत्त्यात शिवाजी-उत्सवाला उपस्थित होते. ‘देशेर कथा’ लिहिणारे सखाराम गणेश देऊस्कर तर बंगालीचेच लेखक झाले होते. या आठवणी आपण अभिमानाने सांगतो. परंतु १७४२ साली त्याच कलकत्त्याभोवती खंदक खणला गेला तो नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या भयाने, आणि गंगारामाच्या बंगाली ‘महाराष्ट्र पुराणा’त बर्गींनी केलेल्या लुटीचे वर्णन आहे, हे आपण क्वचितच उच्चारतो. इंग्रजांच्या वारशाची झडती घेणाऱ्याने आपला वारसा झाकून ठेवू नये. नाहीतर आपल्या टीकेला नैतिक आधार उरणार नाही.

म्हणून हरगिल्याचे मानचिन्ह फोडून टाका, असे मी म्हणत नाही. ते संग्रहालयात राहावे, विद्यार्थ्यांनी ते एखादी संहिता वाचावी तसे वाचावे : कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणाला वगळले? अभ्यासाची वस्तू जपावीच लागते. उभारण्याची वस्तू मात्र निवडावी लागते. ती निवड पारसी बागानात जमलेल्यांनी परकीय सत्तेखाली असताना केली. स्वतंत्र नागरिकांना ती अवघड वाटावी, हे मला लाजिरवाणे वाटते.