दुधाला कायद्याचा आधार हवा

आपली दिवाळी वसुबारसेला गोठ्यातून सुरू होते. म्हणून या अंकाचे पहिले पान गोठ्याला आणि त्याच्या शेजारच्या कोंबड्यांच्या शेडला देत आहोत. २०२०च्या महामारीने या दोन्ही जोडधंद्यांचे कंबरडे मोडले. त्यातून घ्यायचा धडा मात्र अजून कायद्यात उतरलेला नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला, करमाळा, मंगळवेढा या पावसाचा भरवसा नसलेल्या तालुक्यांत कितीतरी घरांचा किराणा, औषधे, शाळेची फी दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर चालते. टाळेबंदीत हॉटेले, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकाने बंद पडली. लग्ने लांबली. आषाढीला पंढरपूर ओस पडले. गाय मात्र दोन्ही वेळा पिळावीच लागते. धार काढली नाही तर कास दगडी होते. तिशीच्या घरातला गाईच्या दुधाचा भाव जुलैपर्यंत अनेक ठिकाणी १७ ते २० रुपयांवर आला. सरकारने रोज १० लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायचे ठरवले, पण तो भाव सगळ्या गोठ्यांपर्यंत पोचला नाही.

कोंबडीवाल्यांवर टाळेबंदीच्या आधीच घाला पडला. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरली. ब्रॉयलर चाळीसेक दिवसांत विक्रीला येतो. त्यानंतर ठेवला तर नुसता खाद्याचा खर्च वाढतो. किलोला सत्तर रुपयांच्या आसपास खर्च झालेला पक्षी काही ठिकाणी १०-१५ रुपयांनाही कोणी घेईना. राज्यात कुणी पक्षी फुकट वाटले, कुणी खड्ड्यात पुरले. खाद्यात जाणाऱ्या मक्याचीही मागणी बसली आणि तेव्हा क्विंटलला १७६० रुपये हमीभाव असलेला मका त्याच्या बराच खाली विकावा लागला.

आमचे म्हणणे साधे आहे. याच जिल्ह्यात उसाला एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, आहे आणि ती देणे कारखान्याला कायद्याने बंधनकारक आहे. दुधाचा दर सरकार अधूनमधून जाहीर करते, पण त्यामागे तसे कायद्याचे बळ नाही. ऊस फडात चार दिवस उभा राहू शकतो, दूध तितके तासही थांबत नाही. म्हणजे कायद्याची गरज दुधालाच अधिक. दुधाला किमान भाव आणि छोट्या पोल्ट्रीवाल्याला रोग व भाव कोसळण्यापासून विमा, या मागण्या संकट नसतानाच मान्य व्हायला हव्यात. संकट आल्यावर दूध रस्त्यावर ओतले जाते आणि त्यातून कुणाचेच पोट भरत नाही.

या अंकातले लेख वाचून आपल्या आमदार-खासदारांना जरूर विचारा: दुधाला कायद्याचा आधार कधी?

– संपादक