शेवटच्या ‘अप’ला हात लावू नका



इंग्रजी उपवाक्याच्या शेवटी ‘अप’, ‘ऑफ’ येणे अशुद्ध, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटत नाही. ‘द हाउस इन विच ही लिव्ह्ज’ चालते, कारण ‘इन’ शब्दयोगी अव्यय आहे (आपल्या ‘ज्या घरात’मधला ‘त’ तर सुटतच नाही). ‘द वर्ड विच ही लुक्ड अप’मधला ‘अप’ मात्र क्रियापदाचाच तुकडा. ‘अप विच ही लुक्ड’ म्हटले की वाक्य मोडलेच. ‘लुक्ड इट अप’ म्हणता येते, ‘लिव्ह्ज इट इन’ नाही. फरक तिथेच कळतो. इंग्रजी कवी ड्रायडनने १६७२मध्ये नाटककार बेन जॉन्सनला वाक्याच्या शेवटी असा शब्द ठेवल्याबद्दल नावे ठेवली, हे खरे. पण त्याचा रोख शब्दयोगी अव्ययांवर होता आणि कोशकार फाउलरने १९२६मध्ये तो नियमही अंधश्रद्धा ठरवला. औपचारिक लेखनात खटकत असेल, तर ‘लुक्ड अप’ऐवजी ‘कन्सल्टेड’ लिहावे. ‘अप’ची उचलबांगडी कशाला?

— एक वाचक