पगारातून स्टायपेंडवर!

परवा निराला बाजारात मैत्रीण भेटली. बीकॉम, वाळूजमध्ये सेटल झालेली. पण बाईसाहेबांनी दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला म्हणे! का? सीए व्हायचंय. कॉमर्सच्या पदवीला 55 टक्के असले की फाउंडेशन माफ, थेट इंटरमिजिएट. ते पास झाली, आता आर्टिकलशिप. 2023 पासून ती तीनऐवजी दोनच वर्षांची झालीय.

‘अगं, पण स्टायपेंडमध्ये भागतं?’

‘नाही भागत. घराचा हप्ता सध्या दादा भरतो. त्याचंच टेन्शन येतं.’

‘मग?’

‘आधी नुसत्या एन्ट्र्या मारायचे. आता गोडाऊनमध्ये स्टॉक मोजते आणि ती एन्ट्री का मारली, हे मालकाला विचारते!’

कॉफीचं बिल मीच दिलं. तिने आधी ते तपासलं, हं!