प्रेमकथा तुम्ही वाचता, पण ॲप तुम्हाला वाचतंय!

मी प्रेमकथा वाचते. अधूनमधून नाही, रोज. करारावरचं लग्न, खडूस बॉस, ठरवून झालेल्या लग्नानंतर हळूहळू जुळणारं प्रेम, कॉलेजातला मित्र दहा वर्षांनी परत भेटणं... बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या असल्या मालिका मी सात-आठ वर्षं फोनवर वाचतेय. "काय तसलं वाचत बसतेस" म्हणून टोमणेही खाल्लेत. आवड काही सुटली नाही, आणि सोडायचा विचारही नाही.

आज त्यावर लिहायचं कारण एका कायद्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम जाहीर केले. या नियमांचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांसमोर बँका आणि सोशल मीडिया येतात. पण १७ वर्षांची एखादी मुलगी फोनवर प्रेमकथा वाचत असेल, तर हे नियम तिलाही लागू होणार आहेत. कसे, ते नीट समजून घेऊ.

आमच्या भागात फोन म्हणजे वाचनालय

मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली, भीमाशंकरच्या बाजूची. मंचर, घोडेगावपर्यंत नेटची चिंता नसते. एसटी डिंभे धरण मागे टाकून तळेघरकडे चढायला लागली की नेटवर्क येतं आणि जातं. श्रावणात भीमाशंकरला गर्दी झाली की टॉवर असून नसल्यासारखाच. जुन्नरच्या पश्चिमेला घाटघर, नाणेघाटाकडेही तीच तऱ्हा. म्हणून आम्ही मंचरला किंवा घोडेगावला गेलो की पुढचे वीस-पंचवीस भाग डाउनलोड करून ठेवतो. मग ते भातलावणीच्या किंवा हिरडा वेचायच्या दिवसांत, दुपारच्या विसाव्याला पुरवून पुरवून वाचायचे.

कुणी म्हणेल, वाचनालयात का जात नाही? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, त्यात अ, ब, क, ड असे ग्रंथालयांचे वर्गही आहेत. पण लहान गावातल्या मुलीची अडचण वेगळी असते. कपाटातून तिने कोणतं पुस्तक काढलं हे तिथे पेपर वाचत बसलेल्या सगळ्यांना दिसतं. रजिस्टरवर नाव लागतं आणि संध्याकाळपर्यंत घरी कळतं.

फोनवरच्या पुस्तकाचं कव्हर बाहेरून दिसत नाही. एवढ्या एका गोष्टीमुळे आमच्याकडच्या कितीतरी मुली वाचायला लागल्या. बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तोही भावाच्या नाहीतर वडिलांच्या ताब्यात. तरी तो हातात आला की अर्धा तास मुलीचा स्वतःचा असतो.

ही आवड आजकालची नाही

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीचं जुनेपण सांगताना दोन दाखले हमखास दिले जातात: नाणेघाटातला शिलालेख आणि गाथासप्तशती. शिलालेख आमच्या शेजारचा, जुन्नर तालुक्यातला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, सातवाहन राणी नागनिकेच्या नावाशी जोडलेला. गाथासप्तशती म्हणजे सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला सुमारे सातशे गाथांचा संग्रह, माहाराष्ट्री प्राकृतातला. त्यातल्या कितीतरी गाथांत बोलणारी व्यक्ती बाई आहे. ती शेतातलं, घरातलं, गावातलं प्रेम बोलते. रुसते, वाट बघते, मैत्रिणीला मनातलं सांगते. म्हणजे ज्या पुस्तकाच्या जोरावर आपण भाषेचा अभिमान मिरवतो, ते मुख्यतः प्रेमाचं पुस्तक आहे!

'क्रमशः'सुद्धा नवीन नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातून भागाभागाने छापली. ती प्रेमकथा नव्हे, पण यमू नावाची मुलगी ती स्वतःच्या तोंडून सांगते. पुढे आमच्या आया-आज्यांच्या पिढीने योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, सुमती क्षेत्रमाडे वाचल्या. क्षेत्रमाडे पेशाने डॉक्टर होत्या आणि त्यांच्या 'महाश्वेता'वर टीव्ही मालिकाही झाली.

मग आज बदललं काय? मासिकवाल्याला तुम्ही अंक विकत घेतला एवढंच कळायचं. तुम्ही कोणत्या पानावर थांबलात, कोणतं पान तीनदा वाचलंत, रात्री किती वाजता दिवा मालवलात, हे त्याला कळायची सोय नव्हती. आता आहे.

ॲपला काय काय कळतं?

खातं उघडून तुम्ही मालिका वाचता तेव्हा साधारण अशा गोष्टींची नोंद होऊ शकते:

- कोणती कथा उघडली, कोणत्या भागावर सोडून दिली
- दिवसातून किती वेळा आणि कोणत्या वेळी वाचलं
- कोणत्या नोटिफिकेशनवर टॅप केलं
- फोन कोणता, भाषा कोणती, अंदाजे ठिकाण कोणतं
- कोणत्या भागासाठी पैसे मोजले

प्रत्येक ॲप यातलं सगळंच घेतं असं नाही. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर 'डेटा सुरक्षितता' असा भाग असतो, तिथे कंपनीने स्वतः काय जाहीर केलंय ते वाचता येतं.

यातून शिफारशी तयार होतात. तुम्ही तीन 'करारावरचं लग्न' वाचली की चौथं समोर येतं. यात वाईट काही नाही, मला अशाच शिफारशींतून काही फार चांगल्या लेखिका सापडल्यात. पण प्रेमकथांची नोंद किराणा यादीसारखी नसते. घटस्फोटानंतरच्या कथा कोण वाचतंय, नवरा मारहाण करतो अशा कथेत कोण अडकून राहिलंय, दोन मुलींच्या प्रेमाची कथा कोण शोधतंय, यातून माणसाच्या मनातलं बरंच काही कळतं. सख्ख्या बहिणीला न सांगितलेली गोष्टही त्यात असू शकते.

आणि हा धंदा छोटा नाही. बेंगळुरूची प्रतिलिपी मराठीसह १२ भारतीय भाषांत चालते. पब्जीवाल्या क्राफ्टन कंपनीने २०२१ मध्ये तिच्यात पैसे गुंतवले. त्याच वर्षी कोरियाच्या नेव्हरने वॉटपॅड ६० कोटी डॉलरहून जास्त रकमेला विकत घेतलं. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी ऐकवतंय. एवढा पैसा इथे येतो कारण वाचणारी बाई रोज परत येते.

नाण्यांचा हिशोब

मालिकेचे पहिले काही भाग फुकट, पुढचे नाणी देऊन उघडायचे, किंवा मग महिन्याची वर्गणी. एक उदाहरण घेऊ (आकडे समजण्यापुरते). १५० भागांची मालिका, पहिले १० फुकट, पुढे भागाला ३ रुपये. म्हणजे १४० गुणिले ३, एकूण ४२० रुपये. एवढ्यात छापील कादंबरी येते. ती मैत्रिणीला देता येते, वाचनालयाला देता येते. नाण्यांनी उघडलेला भाग कुणाला देता येत नाही. तो बहुतेक वेळा त्या ॲपपुरता आणि ते ॲप चालू असेपर्यंतच तुमचा.

'ॲप बंद कशाला पडेल?' असं वाटत असेल तर ॲमेझॉनचं उदाहरण बघा. त्यांनी जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत किंडल वेला सुरू केलं. भागाभागाने कथा आणि टोकन देऊन पुढचे भाग, अगदी हेच मॉडेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते बंद केलं. एवढी मोठी कंपनी साडेतीन वर्षांत दुकान गुंडाळू शकते, तर बाकीच्यांची हमी कोण देणार?

लेखिकेला पैसे मिळावेत हे मला मनापासून वाटतं. घरचं सगळं आवरून रात्री लिहिणारी बाई फुकट का लिहील? माझं म्हणणं एवढंच, की मालिका पूर्ण व्हायला किती खर्च येईल हे पहिल्या भागालाच दिसलं पाहिजे. ग्राहकांना फसवणाऱ्या डिझाइनवर, म्हणजे 'डार्क पॅटर्न'वर, केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अशा १३ पद्धती दिल्यात. वर्गणीतून बाहेर पडणं अवघड करून ठेवणं आणि शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, दोन्ही त्यात आहेत.

आता कायद्याचं बघू

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्यानुसार तुमचा डेटा घ्यायला तुमची स्पष्ट संमती लागते, दिलेली संमती तितक्याच सहजपणे मागे घेता आली पाहिजे, आणि डेटा पुसून टाका असं सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिलीय.

या कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे 'मूल' धरलेत. त्यांचा डेटा घेण्याआधी आई-वडिलांची पडताळणी करता येईल अशी संमती लागणार. शाळा, दवाखाने वगैरेंना काही सवलती आहेत. मुलांच्या वागण्यावर नजर ठेवायला आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. मुलांबद्दलच्या या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घोडेगावच्या कॉलेजात बारावीला असलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला प्रेमकथांचं ॲप हवंय आणि त्यासाठी वडिलांची संमती लागणार. ती विचारेल? बहुतेक नाही विचारणार. ती जन्मसाल बदलेल आणि १९ वर्षांची होईल. ॲपच्या नोंदीत ती प्रौढ झाली, की तिच्या वागण्यावर नजर ठेवू नका म्हणणारा तो नियमही तिच्या कामाचा उरत नाही. म्हणजे जिच्यासाठी संरक्षण केलं, तीच त्यातून बाहेर पडणार.

कंपनीपासून वाचवताना कायदा वाचणारीला परत घराच्या रजिस्टरवर नेऊन ठेवतोय, असं मला वाटतं. आणि याला उपाय आहे, तोही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. खातं न उघडता वाचता आलं पाहिजे. तुम्ही कोणत्या भागावर आहात ही खूण फोनमध्येच राहू शकते, सर्व्हरवर पाठवायची गरज नसते. शिफारशीही फोनमध्येच तयार करता येतात. ॲपने वैयक्तिक डेटा मागितलाच नाही, तर संमतीचा प्रश्नच कशाला येईल? फुकट भागांसाठी तरी कंपन्यांनी ही सोय द्यावी. नियम पूर्ण लागू होईपर्यंत त्यांच्याकडे वेळ आहे.

तोवर आपण काय करायचं?

१. भाग आधीच डाउनलोड करा. वायफाय किंवा चांगलं नेटवर्क असेल तिथे. मात्र हे भाग ॲपच्या आतच राहतात, लॉगआउट केलं तर जाऊ शकतात.

२. फोन सगळ्यांचा असेल तर ॲपला वेगळं लॉक लावा. अँड्रॉइड १५ असलेल्या बऱ्याच फोनमध्ये 'प्रायव्हेट स्पेस' मिळते. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करा. बऱ्याचदा गोष्ट उघडी पडते ती तिथेच.

३. ऑटोपे तपासा. ॲप डिलीट केलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं नसतं. प्ले स्टोअरमध्ये 'पेमेंट आणि सदस्यत्वे' बघा, यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तो मेसेज न वाचता पुसू नका.

४. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

५. फक्त ॲपवर विसंबू नका. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या ठिकाणी मराठी ई-पुस्तकं मोफत मिळतात. फाइल एकदा फोनमध्ये आली की डिंभ्याच्या पुढेही चालते.

आणि शेवटचं, कथांबद्दल

या कथांत दोष आहेत. नायक नको तितका श्रीमंत असतो, आणि नायिकेचा फोन तपासणं, तिला कुणाशी बोलू न देणं हे 'किती जीव आहे बघा' म्हणून खपवलं जातं. अशी कथा मी सोडून देते, तुम्हीही सोडा. जिथे तो तिला विचारतो, थांबतो, तिच्या नोकरीसाठी स्वतःचं गाव बदलतो, त्या कथा शोधा, त्या आहेत. 'तुला काय हवंय?' हा प्रश्न आमच्याकडच्या कितीतरी मुलींनी पहिल्यांदा ऐकला तो अशाच एखाद्या मालिकेत.

ॲपनेही तोच प्रश्न आधी विचारावा. उत्तर 'नको' आलं तर गोष्ट वाचू द्यावी आणि आमच्या नोंदी ठेवणं थांबवावं.