गडांचे उत्पन्न आणि द्राक्षबागांचे ऋण

दक्षिण फ्रान्समधील कोर्बिएर हा डोंगराळ मुलूख द्राक्षमद्यासाठी जसा ख्यात आहे, तसाच पेरपेर्त्यूज, केरिब्यूस अशा कड्यांवरील भग्न दुर्गांसाठीही. १६५९ च्या पिरेनीज तहाने फ्रान्स-स्पेनची सीमा दक्षिणेकडे सरकली आणि या गडांचे लष्करी प्रयोजन संपले. आता पर्यटक तिकीट काढून ते चढतात. तेव्हा द्राक्षशेती खालावली तरी पर्यटन गावांना पोसेलच, असा युक्तिवाद सहज सुचतो. तो वरवर बिनतोड दिसला, तरी फसवा आहे.

मद्याचा खप घटल्याने बागा कमी करणे भाग पडले. २०२४ मध्ये फ्रेंच सरकारने बागा कायमच्या उपटणाऱ्यांना हेक्टरी ४,००० युरो देऊ केले. परंतु जमीन पडीक राहिली की झुडपे माजतात. ऑगस्ट २०२५ मध्ये याच प्रदेशात भडकलेल्या वणव्याने सुमारे १६ हजार हेक्टर क्षेत्र होरपळले. निगा राखलेल्या द्राक्षबागेपाशी वणव्याचा जोर सहसा ओसरतो. हे संरक्षण आणि गडावरून दिसणारी हिरवाई यांचे मोल ना तिकिटात धरले जाते, ना मद्याच्या किमतीत. अर्थशास्त्र ज्याला बाह्य लाभ म्हणते, तो शेतकरी आजवर विनामूल्य देत आला आहे.

म्हणूनच बागा उपटण्यासाठी पैसा उभा राहत असेल, तर त्या राखण्यासाठीही राहिला पाहिजे, आणि त्यात पर्यटनाच्या उत्पन्नाचाही वाटा हवा. ते औदार्य नव्हे, थकलेले देणे होय. पायथ्याची गावे ओस पडल्यावर गडांची वाट तरी कोण राखणार?